कडेनं धावणारे दोघे

मागे तीन बचावपटू आणि दोन्ही कडांनी वरखाली धावणारे दोन विंगबॅक, हेच फुटबॉलमधलं अंतिम सत्य आहे, असं आमचे प्रशिक्षक आबेलार्दो यांनी मंगळवारी क्लबच्या बारमध्ये जाहीर केलं. त्यांना स्वतःला ते सोमवारी कळलं होतं. रविवारी हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता आणि आबेलार्दो घरी.

"आपल्या पोरांना झेपेल का हे?" अध्यक्ष नेलिदाबाईंनी एम्पानादा चावत विचारलं.

"न झेपायला काय झालं, बाई? मैदान रुंद लागतं, बस. आपलं तर विमान उतरेल एवढं आहे."

रविवारी पहिल्या पंधरा मिनिटांत आमचे विंगबॅक अकरा वेळा चेंडूसकट रेषेबाहेर गेले. आबेलार्दोंनी पावलं टाकून मैदान मोजलं आणि ते थेट मैदान राखणाऱ्या एउलोखियोपाशी गेले.

"बाबा, मैदान कुठे गेलं?"

"दोन्ही बाजूंनी चार-चार पावलं आत घेतलंय, मास्तर. पाहुणे कडेनं पळणारे असले की घ्यायचं, तुम्हीच सांगून ठेवलंय."

"अहो, पण या खेपेला कडेनं आपण पळतोय!"

"ते तुम्ही बारमध्ये सांगितलंत. डॉक्टरनं मला बार बंद केलाय."

सामना शून्य-शून्य सुटला आणि क्लब वाचला, कारण पाहुण्यांनाही धावायला कड उरली नव्हती. आबेलार्दोंना आणखी दोन वर्षं मिळाली.