टिचकी

विमानाच्या कॉकपिटमधली उंचीची अन् वेगाची मीटरं दुरुस्त करण्यात देवाजींची चाळीस वर्षं गेली. काचेवर टिचकी मारल्याशिवाय त्यांनी एकाही काट्यावर विश्वास ठेवला नाही. अडकलेला काटा खोटं बोलतो, म्हणायचे. रिटायर होऊनही खोड सुटली नाही. इतवारीच्या बाजारात एका दुकानदाराच्या तराजूला त्यांनी टिचकी मारली, तर त्यानं घाबरून पावभर डाळ जास्त घातली म्हणतात.

अलीकडे ते दिवसभर खुर्चीत डोळे मिटून पडलेले असायचे. बायजाबाई चहा घेऊन यायच्या अन् नवऱ्याच्या कपाळावर टिचकी मारायच्या.

"काहून मारून राहिली वं?"

"काटा अडकला का, पाहून राहिली."

"चालू आहे. थकला फक्त."

"मीबी थकली जी."

आज टिचकी आलीच नाही. खूप वाट पाहून देवाजींनी डोळे उघडले. चहा गार झाला होता. शेजारच्या स्टुलावर बायजाबाई भिंतीला टेकून, मान टाकून बसल्या होत्या. देवाजींनी बोट त्यांच्या कपाळापर्यंत नेलं अन् तिथूनच परत घेतलं.

"झोपली बिचारी," ते म्हणाले.

टिचकी न मारता विश्वास ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ.