तापलेली फाईल

नगरपरिषदेत तापणाऱ्या फायली आल्या, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांना वाटलं, आता तरी शिस्त लागेल. अर्ज जितके दिवस टेबलावर पडून राहील, तितका पुठ्ठा गरम होणार; चटका बसला की माणूस मुकाट सही करील. फक्त त्यांनी थंडीचा विचार केला नव्हता. पौषात अख्खी कचेरी जुन्या फायलींना बिलगून बसली.

पाणीपुरवठ्याच्या खरचेबाईंकडे तर दोन वर्षांची फाईल होती. तिच्यावर चहाला उकळी यायची.

त्या सकाळी अर्जदार निंबाजी गुरव खिडकीशी आले. "मॅडम, माझ्या नळाचं काय झालं?" त्यांची नजर वाफाळत्या पातेल्यावर गेली, मग खालच्या फाईलवरच्या आपल्या नावावर. म्हातारा नुसता हसला. "चला, कुणाचा तरी चहा होतोय."

हा चटका मात्र खरचेबाईंना बसला. पातेलं उतरवून त्यांनी सही ठोकली. पुठ्ठा गार पडला. शेजारच्या टेबलांनाही लाज वाटली, आणि आठवडाभर सगळ्यांनी कुडकुडत फायली उपसल्या.

सोमवारी गारठलेल्या कचेरीत निंबाजी मोठी किटली घेऊन आले.

"घ्या मॅडम. पाणी माझ्याच नळाचं आहे."