पाणमांजराचा वाटा

डोहाच्या काठावर पाणमांजर मरून पडलेलं दिसलं, तसा राखणदार हौसाबाईनं आधी त्याच्या गळ्यातला, ठावठिकाणा धरणावर कळवणारा पट्टा सोडला. पट्टा डोहात हलत असेल तोवरच धरणाचं यंत्र पाणमांजराच्या वाट्याचं पाणी नदीत सोडी, आणि त्याच पाण्यावर तिचं गाव तगून होतं. वरच्या डोहांतून दुसरं पाणमांजर खाली येईस्तोवर वेळ निभावून न्यायची, असं ठरवून तिनं पट्टा स्वतःच्या पायात बांधला आणि ती दिवसभर पोहू लागली.

पाचव्या दिवशी धरणावरच्या ढवळेसाहेबांचा फोन आला.

"हौसाबाई, तुमचं पाणमांजर रोज दुपारी गावात जातंय."

"भाकरी खायला जातं, साहेब," ती हळूच म्हणाली.



"डोहावरच डबा घेऊन जात जा," साहेब म्हणाले. "वरच्या डोहांतली सगळी पाणमांजरं डबा नेतात."