कांताबाईंचा नमुना

"आई, समजलं ना? काडी आत घालून हळूच फिरवायची, मग डबीत ठेवायची. झाकण घट्ट लावा."

नंदिनीने तिसऱ्यांदा सांगितलं. कांताबाईंनी पाकीट पदराखाली घेतलं.

"समजलं वं. तुयासारखी बी.एस्सी. नाही झाली मी, पण काडी फिरवता येते मले. सकाळी आंघोळीच्या वक्ती करीन. तू जाय, वेदिकाले शाळेत सोड."

नंदिनीला नवलच वाटलं. प्रीतमच्या, म्हणजे नंदिनीच्या नवऱ्याच्या, जन्माच्या वेळी डॉक्टर नको, दाईच हवी म्हणून अडून बसलेली ही बाई. आरोग्य खात्याची आशाताई खापरखेड्याच्या कॉलनीत गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करायला पाकिटं वाटत आली, तेव्हा सासूशी भांडावं लागणार हे नंदिनीने धरूनच ठेवलं होतं. तिची मावशी याच दुखण्याने गेली होती. शेवटी शेवटी वासामुळे तिच्या खोलीत कुणी बसत नसे.

"तिशीवरच्या, लग्न झालेल्या किती?" ताईने विचारलं होतं.

"दोघी," म्हणत कांताबाईंनी आपणहून हात पुढे केला होता.

तीन आठवड्यांनी अहवाल आले. नंदिनीचा स्वच्छ होता. कांताबाईंच्या अहवालात एचपीव्ही होता, तोही धोक्याच्या जातीचा.

नंदिनीने तो कागद पुन्हा वाचला. गॅसची कळ रात्री तीनदा तपासणारी, वेदिकाला नुसती शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी ती. आता घरातच हे निघालं होतं.

"कॅन्सर नाही झालेला, आई," तिने स्वतःलाच समजावल्यासारखं सांगितलं. "हा विषाणू आहे. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक वेळा आपोआप जातो. नाही गेला, तर पुढे बिघडू शकतं."

"कोनापासून आला, ते लिवलं हाय का त्यात?"

"नाही. ते कळतच नाही. बाबांकडून वीस वर्षांपूर्वीही आला असेल."

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. कांताबाई भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघत राहिल्या.

"मेलेल्या मानसावर ढकलता येते, हे एक बरं हाय," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "गोळ्या देतीन ना पन?"

गोळ्यांवर त्यांचा फार विश्वास. घरात कुणाचंही दुखो, कॉलनीच्या दवाखान्यात रांगेत त्याच उभ्या राहायच्या. माझंच डोकं दुखते, माझंच पोट बिघडलं, असं सांगून गोळ्या आणायच्या आणि ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायच्या. प्रीतमची ड्यूटी बुडायला नको, सोनिकाचा, म्हणजे नणंदेचा, दुकानात खाडा व्हायला नको. वेदिकाच्या तापाला असाच उपाय केला, तेव्हा नंदिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

नागपुरात सदर भागातल्या दवाखान्यात जायला कांताबाईंनी महिनाभर चालढकल केली. आज उपोसथाचा उपास, उद्या सोनिकाला बघायला पाहुणे. शेवटी नंदिनीने त्यांना हाताला धरून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून नीट पाहिलं. औषध लावून पुन्हा पाहिलं.

"आजी, काहीच वावगं नाही. वर्षाने परत तपासू. मधे रक्त गेलं, अंगावरून घाण गेली, तर लगेच यायचं."

"गोळ्या लिवून द्या न बाई."

"या विषाणूवर गोळी नसते, आजी. पेशी बिघडल्या, तर त्या जाळून किंवा कापून काढतो. त्यासाठी ज्याला त्रास आहे, त्याला इथं टेबलावर यावं लागतं."

कांताबाईंचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी हसून रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या.

"माझी मुलगी दहा वर्षांची आहे," नंदिनी म्हणाली. "तिला लस…"

"द्या की. हेच वय. संबंध सुरू व्हायच्या आधी दिली, की सगळ्यात जास्त फायदा."

"अन् हिच्याएवढ्या बाईले?" कांताबाईंनी नंदिनीकडे बोट केलं. "आधीच आत गेला असंन तर निघते का सुईनं?"

"नाही. असलेला विषाणू लसीनं निघत नाही."

नंदिनीचे डोळे भरून आले. स्वतःच्या जिवाची धास्ती सोडून सासू आपली काळजी करत होती. त्याच आठवड्यात तिने वेदिकाला लस टोचून आणली.

वर्षभर तिने कांताबाईंवर पाळत ठेवली. त्यांच्या साड्या भिजवताना उलटसुलट करून बघायची. जेवण कमी झालं का, वजन उतरलं का, सगळं वहीत टिपायची. रक्तवाढीची पाकिटं वेळेवर रिकामी होत होती, म्हणून तिला समाधान होतं.

घरात बाकी धावपळ होतीच. सोनिकाचं लग्न चौतिसाव्या वर्षी कसंबसं जमलं होतं. धरमपेठेतल्या साडीच्या दुकानात दिवसभर उभी राहून ती यायची आणि आल्या आल्या कंबर धरून आडवी व्हायची. "लग्नाआधीच म्हातारी झाली का वं?" नंदिनी चिडवायची. सोनिका भिंतीकडे तोंड करून हसायची.

वर्ष झालं. कांताबाईंचा नमुना या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः घेतला. अहवाल फोनवर आला, तेव्हा दुपार होती. सोनिका दुकानात न जाता आतल्या खोलीत निजली होती.

"गेला, आई!" नंदिनी जवळजवळ ओरडलीच. "काही नाही निघालं. सुटल्या तुम्ही!"

कांताबाई तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. नंदिनीने त्यांना पोटाशी धरलं.

"आता काहून रडता? संपलं ना सगळं."

कांताबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तवा माया नावानं सोनिकाचा नमुना दिला होता वं मी."