साहेबांसमोरचं भांडण

सोनाबाईनं पिठाची परात ढकलली ती थेट संस्थेकडून पाहणीला आलेल्या शरच्चंद्र सरांच्या बुटांवर. सरांचे काळे बूट पांढरे झाले.

"विहीर आमची, जागा आमच्या गावाची," ती कडाडली, "आनि शेडच्या पाटीवर नाव पयला यांच्या वाडीचा! का म्हनून?"

"नाव काय चाटायचाय?" तव्यामागून बनुबाई उठली. "भाकऱ्या कोन थापतंय ते बोल. तुमच्या बायका येतात उन्हं वर आल्यावर, नि जातात सगल्यांच्या आदी."

संस्थेतर्फे ही शेड सांभाळणाऱ्या अनुपमानं डोळे मिटून घेतले. सकाळीच तिनं दोघींना हात जोडले होते. आज सर टेंपो इथे ठेवायचा का ते ठरवणार आहेत, तेवढं गोडीनं वागा. दोघींनी एकदम माना डोलावल्या होत्या. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. या दोघींचं एकदम असं काहीच होत नसे.

बनुबाईची वाडी पोलादपूरच्या डोंगरात होती. एका पावसाळ्यात ती दरडीखाली गेली. जे वाचले त्यांना बिरवाडीजवळच्या या गावाच्या माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. गावाला ते रुचलं नाही. मग संस्था आली. तिनं शेड उभारली आणि दोन्हीकडच्या बायकांना शेकड्यानं डबे करायला शिकवलं. एमआयडीसीत पाळीवर जाणारी माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांच्या जेवणाची आबाळ जुनीच. डबे खपायला वेळ लागला नाही. ते पोचवायला टेंपो होता, म्हणून धंदा होता. टेंपो मात्र संस्थेचा होता.

अनुपमाच्या मनातल्या जमाखर्चात चव, स्वच्छता, वेळ, सगळं जमेला होतं. खर्चाच्या बाजूला एकच बाब, भांडण. 'विस्थापित आणि स्थानिक यांच्यात सलोखा' असं प्रकल्पाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. तो सलोखा दोन वर्षं तिच्या हाती लागत नव्हता. तिनं खेळ घेतले, गाणी घेतली, एकमेकींना तिळगूळ द्यायला लावला. एरवी नुसती धुसफूस असायची. मोठा पाहुणा आला, की तिला ऊत यायचा. अनुपमा नशिबाला बोल लावायची.

"भाकरी बघा साहेब," सोनाबाईनं एक भाकरी सरांच्या नाकासमोर धरली. "एवढी जाड! हिच्यावर पाय ठेवून नदी पार होईल."

"आनि हिची बघा! आरपार पेपर वाचा."

"तुमी आल्यापासून विहिरीचा पानी आटला!"

"दरड काय आमी बोलावली व्हती गो?"

सोनाबाईनं तोंडाला पदर लावला आणि मागल्या दारानं निघून गेली. बनुबाई हातातली भाकरी तशीच टाकून तिच्या मागं गेली. आता तिथेही जुंपणार, हे उघड होतं.

सरांनी बूट झटकले. गाडीत बसताना म्हणाले, "संध्याकाळी फोन करतो."

संपलं, असं तिनं धरलं. टेंपो जाणार, शेडला कुलूप लागणार, आणि दोन वर्षांची मेहनत दोन बायकांच्या जिभेपायी मातीत जाणार. आज काय ते एकदाच सुनावायचं, असं ठरवून ती शेडच्या मागे गेली.

मागच्या कट्ट्यावर दोघी खेटून बसल्या होत्या. बनुबाई आपल्या पदरानं सोनाबाईचे डोळे पुसत होती.

"दरडीचा कशाला काढलास गो?" सोनाबाई हुंदक्यातून म्हणाली. "ठरला नव्हता ना तो."

"तोंडातून गेला. तुझा विहिरीचा तरी कुठं ठरला व्हता?"

अनुपमा पुढे झाली. "म्हणजे... हे सगळं ठरवून?"

दोघींनी वर पाहिलं. लाजली एकही नाही.

"बसा म्याडम," सोनाबाईनं नाक ओढलं. "चाय घेनार?"

"चहा काय चहा! टेंपो जाईल आता!"

"नाय जायचा," बनुबाई म्हणाली. "माझी भन पलीकडच्या खोऱ्यात हाय. तिथं शिलाईचा क्लास व्हता, असाच, वरल्या वाडीचा नि खालच्या वाडीचा. साहेबांपुढं बायका गल्यात गला घालून उभ्या ऱ्हायल्या. फोटू काढला. साहेब खूश झाले. बोलले, इथला काम पुरा झाला. नि मशिनी उचलून दुसऱ्या गावात नेल्या, जिथं भांडन हाय तिथं."

"आमचा आपला टेंपो घ्यायचा हाय," सोनाबाई म्हणाली. "दोनी गावांचा मिलून. पैसं टाकतोय बाजूला. अजून एक साल लागल. तवर भांडल्याबिगर भागत नाय."

अनुपमाला हसावं की किंचाळावं ते कळेना. तिळगूळ आठवला, गाणी आठवली. रात्र रात्र न लागलेली झोप आठवली.

"मला तरी सांगायचं होतं!"

"तुमाला खोटा बोलता येत नाय म्याडम," बनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती.

सरांना संध्याकाळपर्यंत धीर धरवला नसावा. फोन ते महाडला पोचायच्या आतच आला.

"अनुपमा, खरं सांगा. थोडी तरी एकी झाली आहे का तिथं? झाली असेल तर टेंपो पुढच्या आठवड्यात दुसरीकडे हलवू. बाकी गावंही वाट बघतायत."

दोघी तिच्याकडे पाहत होत्या. बनुबाईचा हात सोनाबाईच्या खांद्यावरून निघाला नव्हता.

"एकी?" अनुपमा म्हणाली. "सर, तुम्ही गेल्यावर तर मारामारी झाली."