परतीची मोटार

निसार मिस्त्रीने जॅक सोडला आणि मोटार हळूच चाकांवर बसली. तो चार पावलं मागे सरला, उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून पाहू लागला. मागचं अंग आता पुढच्या अंगाच्या ओळीत आलं होतं. आली तेव्हा हीच मोटार मागून पार बसलेली होती. मागच्या चाकांवर भार झेलणाऱ्या दोन्ही कमानींत एकेक जादा पोलादी पाटा घातला, तेव्हा कुठे ती सरळ उभी राहिली.

मागच्या सीटखाली छापखान्याचे, अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे होते, पिशव्या भरभरून. शहरातला एक छापखाना सरकारने बंद पाडला होता आणि त्याचे खिळे आज ना उद्या जप्त होणार होते. ते येवल्याला एका विणकराच्या घरी पोचले, तर सरकारविरुद्धची पत्रकं पुन्हा निघणार होती. वाटेत सापडले, तर ही भाड्याची मोटार चालवणारा जमील तुरुंगात जाणार होता. जमील निसारचा धाकटा भाऊ. देशाचं काय व्हायचं ते होवो, निसारला काळजी होती ती भावाची.

पंचवटीपलीकडच्या नाक्यावर पोलीस हल्ली मोटारी मागून बघत. मागचं अंग दबलेलं दिसलं की सीट उचलायला लावत.

"विचारलं तर काय सांगशील?" निसारने पुन्हा विचारलं.

"गाडी रिकामी आहे, येवल्याहून शेटजींना आणायला चाललोय. भाई, पाठ झालंय मला!" जमील हसला आणि निघाला. त्याला हसू कसं सुचतं, याचाच निसारला राग आला.

दुपारपर्यंत त्याचं कशातच लक्ष नव्हतं. बायकोने, हाजराने, ताट वाढलं, तेही तसंच राहिलं. मग गोरक्ष टांगेवाला नाक्याकडून भाडं घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "गेली बरं का तुमची मोटार! फौजदार खुर्ची टाकून बसला व्हता. बहिरू जमादारानं मागून वाकून बघितलं, 'रिकामी हाय साहेब' म्हणला, दिली सोडून!"

निसारच्या जिवात जीव आला. त्याने हाजराला चहा टाकायला सांगितलं. तेवढ्यात गोरक्षच्या टांग्यातून दोन धिप्पाड बाया आणि त्यांची बोचकी खाली उतरली, आणि टांगा मागून वर उचलला गेला.

निसारचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला.

उभा जन्म त्याने टांग्यांच्या कमानी बांधल्या होत्या. टांग्याची कमान माणसं बसवून बांधायची, ही त्याच्या हाताची सवय. रिकाम्या टांग्याचा विचार कोण करतो? मोटारीचंही त्याने तेच केलं होतं. खिळे आत ठेवूनच पाटे घातले होते. रिकामी मोटार त्याने पाहिलीच नव्हती. आता खिळे उतरवून ती परत येणार, ती मागून उंच होऊनच. सकाळी रिकामी म्हणून सरळ गेलेली मोटार संध्याकाळी रिकामीच, पण शेपूट वर! फौजदार काही दूधखुळा नव्हता.

"गोरक्ष, टांगा वळव. नाक्यावर चल."

नाका ओलांडायचा, पुढे कुठेतरी जमीलला गाठायचं आणि सीटखाली धोंडे भरायचे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण नाक्यावर बहिरू जमादार आडवा आला.

"कुठं निघाला, मिस्त्री? फौजदारसाहेब घरी जेवायला गेल्यात. ते येईस्तवर कुणाला सोडायचं नाय."

निसार रस्त्याकडेच्या दगडावर बसला. मनातल्या मनात दुवा मागत राहिला. बऱ्याच वेळाने येवल्याच्या वाटेवर, निफाडच्या अंगाला धूळ उठली. मोटार आली. मागून अशी उचललेली की दुरूनही नजरेत भरावी. जमील मात्र खुशाल शीळ घालत होता. त्याला काही पत्ताच नव्हता.

जमादाराने मोटार थांबवली. मागे जाऊन तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याने निसारकडे पाहिलं. मग फौजदाराच्या रिकाम्या खुर्चीकडे. निसार दगडावरून उठला.

जमादार नाक्यालगतच्या आपल्या घराकडे वळून ओरडला, "मालन! ए मालन! आवर लवकर, घोटीला माहेरी जायचंय तुला. आईला बी घे. अन् ती कांद्याची पोती!"

मालनबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "आवं, परवाच तर आले मी घोटीहून!"

"मोटार फुकट मिळतीय. बस म्हणतो ना!"

पोलिसांच्या घरची माणसं भाड्याच्या मोटारीत फुकट बसत, हे रोजचंच होतं. शिपायांनी कांद्याची पोती आत कोंबली. त्यांवर सासू बसली, तिला चिकटून कुरकुरत मालनबाई. मोटार खाली आली. फौजदार मिश्या पुसत परतला, तेव्हा ती अगदी सकाळसारखी उभी होती.

"शेटजी कुठे?" त्याने विचारलं.

"त्यांचं निघणं रहित झालं, साहेब," जमील म्हणाला.

फौजदाराने मोटारीकडे मागून एकदा पाहिलं, पोत्यांवरच्या सासूकडे पाहिलं आणि हात हलवला. मोटार पंचवटीकडे निघून गेली.

निसारला आता हसू येत होतं. जमादाराच्या फुकटेपणाने आज भाऊ वाचला होता. त्याने मुकाट्याने सलाम केला आणि तो टांग्याकडे वळला.

जमादार त्याच्यामागून टांग्यापर्यंत चालत आला. घोड्याच्या पाठीवर थाप मारण्याचं निमित्त करून तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, पुढल्या खेपेला परतीची गाडी बी ध्यानात धरा. दर वेळी बायकोला माहेरी कुठवर धाडू?"