केतकीची ओटी

"चष्मा काढायचा नाही हं, मावशी," नदीफेरीचा गाइड सौमित्र पुन्हा म्हणाला. सुलोचनाबाईंनी मान डोलावली. चष्म्यातून केतकी नदी दुथडी भरून वाहताना दिसत होती, अगदी त्यांच्या लहानपणी वाहायची तशी. नवं पाणी आलं की त्यांची आई हिची ओटी भरायची. म्हणून त्याही परगावाहून खण-नारळ घेऊन आल्या होत्या.

हळदकुंकू वाहून त्यांनी पुलाच्या कठड्यावरून ओटी पाण्यात सोडली. पाण्यावर तरंग उठले. फेरीतल्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलोचनाबाईंच्या कानावर मात्र 'खट्ट' असा आवाज आला.

त्यांनी चष्मा ओढून काढला. खाली नदीच्या जागी सिमेंटचं पार्किंग होतं. नारळ फुटून एका गाडीच्या चाकाशी पडला होता आणि खण ऑइलच्या डागात.

"सॉरी, मावशी," सौमित्र घाईघाईने म्हणाला. "आवाजाचं काम अजून चालू आहे. पुढच्या वेळी 'डुबुक' असंच ऐकू येईल."

"चुलीत घाल तुझं डुबुक!" त्या संतापाने ओरडल्या. "घरचं माणूस गेलं तर निदान सुतक तरी पाळतात रे. तुम्ही तिला बघायला तिकीट लावलंत!"